'एन्व्हिअस' की 'एन्व्हिएबल'? हेव्याचं इंग्रजी विशेषण न चुकता कसं वापरावं

एका निवृत्त सरांच्या घरी भिंतीवर मानपत्राची चौकट पाहिली. निरोप समारंभाला शाल-श्रीफळासोबत दिलेली. मजकूर इंग्रजीत होता आणि मधोमध एक वाक्य होतं: 'ही हॅज ॲन एन्व्हिअस नेचर.' मुलांना म्हणायचं होतं की सरांचा स्वभाव कुणालाही हेवा वाटावा असा आहे. त्या वाक्याचा अर्थ मात्र होतो, 'सर मत्सरी स्वभावाचे आहेत.' ३५ वर्षं गणित शिकवलेल्या माणसाच्या भिंतीवर हे वाक्य लागलेलं पाहून मला फार वाईट वाटलं.

हीच चूक नोकरीच्या अर्जात दिसते, परदेशी शिक्षणासाठी लिहिलेल्या निवेदनात दिसते, अभिनंदनाच्या मेसेजमध्ये तर रोजच दिसते. 'एन्व्ही म्हणजे हेवा' हे सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे शब्दार्थ माहीत नाही म्हणून ही चूक होते असं मला वाटत नाही. आधी इंग्रजी शब्द आठवतो, मग आपण त्याला मराठी वाक्याचे प्रत्यय जोडत जातो, आणि वाक्य तिथे बिघडतं. म्हणून खालच्या टप्प्यांत इंग्रजी शब्द बराच उशिरा येतो. टप्पे गाळू नका आणि त्यांचा क्रम बदलू नका.

तयारी: मराठी वाक्य कागदावर

जे म्हणायचं आहे ते आधी पूर्ण मराठीत लिहा. मनातल्या मनात नको, लिहाच. उदाहरणासाठी हे वाक्य घेऊ:

'शेजारच्या वहिनींना माझ्या गच्चीवरच्या बागेचा हेवा वाटतो.'

आता तीन गोष्टींखाली रेघ मारा. हेवा कुणाला वाटतो? वहिनींना. कशाचा वाटतो? बागेचा. या दोघांशिवाय गोष्टीत तिसरं कुणी आहे का? नाही. पुढचं सगळं या तीन उत्तरांवर ठरतं.

तपासा: 'कुणाला' आणि 'कशाचा' यांपैकी एकाचं जरी उत्तर वाक्यात सापडत नसेल, तर मराठी वाक्यच अर्धवट आहे. ते पूर्ण केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा १: हेवा आहे, मत्सर आहे की संशय?

मराठीत या भावनेला बरेच शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'त्याच्याकडे आहे तसं मलाही हवं' हा हेवा. 'मला नसलं तरी चालेल, पण त्याच्याकडे नको' हा मत्सर, षड्रिपूंमधला शेवटचा. असूया आणखी वेगळी: समोरच्याच्या गुणांतही दोष काढत बसणं. म्हणूनच जिच्या मनात ते नाही ती अनसूया.

इंग्रजी 'एन्व्हिअस' हा शब्द हेव्यापासून मत्सरापर्यंतचा सगळा पट्टा व्यापतो. किती गोड आणि किती कडू हे वाक्याच्या सुरावरून कळतं. पण त्याची एक ठरलेली अट आहे: गोष्टीत दोनच बाजू असतात. मी, आणि ज्याच्याकडे ते आहे तो. माझ्याकडे काहीतरी कमी आहे, त्याची ही बोच.

'जेलस'चा मूळ अर्थ निराळा. तिथे तिघं असतात: मी, माझं माणूस, आणि ते माणूस माझ्यापासून तोडेल अशी भीती वाटते तो तिसरा. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, सवतीमत्सर. नवऱ्याच्या मोबाइलवर वारंवार कुणाचे तरी मेसेज येतात म्हणून अस्वस्थ झालेली बायको 'जेलस' असते. धाकटं भावंडं झाल्यावर आईचा पदर न सोडणारं पोर 'जेलस' असतं. त्यांना कुणाकडचं काही नको आहे. जे आपलं आहे ते जाईल, ही धास्ती आहे.

आता एक गुंता, जो बऱ्याच पुस्तकांत नीट सांगत नाहीत. रोजच्या बोलण्यात इंग्रजी भाषक साध्या हेव्यालाही 'जेलस' म्हणतात. मैत्रीण गोव्याला निघाली की 'आय ॲम सो जेलस!' हे अगदी सहज निघतं आणि त्यात काही वावगं नाही. मात्र हा रस्ता एकेरी आहे. हेव्याच्या जागी 'जेलस' चालतं. सवतीमत्सराच्या किंवा संशयाच्या जागी 'एन्व्हिअस' चालत नाही. संशयी नवऱ्याला 'ॲन एन्व्हिअस हजबंड' म्हटलंत, तर अर्थ होईल की त्याला बायकोच्या पगाराचा किंवा तिच्या यशाचा हेवा वाटतो.

तपासा: गोष्टीत तिसरं माणूस आणि गमावण्याची भीती आहे? 'जेलस'. दोनच बाजू आहेत? लेखी भाषेत 'एन्व्हिअस', मित्रांशी बोलताना दोन्हीपैकी काहीही. आपल्या वाक्यात वहिनी आणि बाग, दोनच बाजू. म्हणजे 'एन्व्हिअस'च्या घरात आपण आलो.

टप्पा २: 'वाटणारा' की 'वाटावा असा'?

मानपत्राची चूक या टप्प्यावर झाली. सगळ्यात जास्त वाक्यं इथेच पडतात, म्हणून इथे सावकाश चला.

एकाच 'एन्व्ही'पासून दोन विशेषणं तयार होतात. ज्याच्या मनात हेवा आहे तो 'एन्व्हिअस'. ज्याचा हेवा इतरांना वाटतो ते 'एन्व्हिएबल'. मराठीत हाच फरक प्रत्ययांतून दिसतो: हेवा वाटणारा आणि हेवा वाटावा असा. विशेषण लिहिण्याआधी त्याच्या जागी हे दोन्ही मराठी तुकडे ठेवून पाहा. जो बसेल त्याचा इंग्रजी जोडीदार घ्या.

सचिन तेंडुलकरच्या नावावर २०० कसोटी सामने आणि १०० आंतरराष्ट्रीय शतकं आहेत. हा विक्रम 'हेवा वाटणारा' की 'हेवा वाटावा असा'? विक्रमाला मन नसतं, त्याला कुणाचा हेवा वाटणार? म्हणून 'ॲन एन्व्हिएबल रेकॉर्ड'. याउलट सामना हरून ड्रेसिंग रूममध्ये बसलेला खेळाडू दुसऱ्याच्या हातातल्या चषकाकडे पाहत असेल, तर तो 'एन्व्हिअस'.

इथे एक शंका हमखास येते. 'ॲन एन्व्हिअस लुक', 'एन्व्हिअस आईज', 'ॲन एन्व्हिअस टोन' हे प्रयोग बरोबर कसे? नजरेलाही मन नसतंच की. उत्तर असं: नजर, डोळे, आवाजाचा सूर यांतून माणसाच्या मनातला हेवा बाहेर पडतो. विक्रम, नोकरी, घर, तब्येत यांच्याकडे हेवा बाहेरून येतो. बाहेर पडतो तिथे 'एन्व्हिअस', येऊन पोचतो तिथे 'एन्व्हिएबल'.

सावधान: 'एन्व्हिएबल' हे विशेषण स्वतःच्या गोष्टींना लावू नका. अर्जात 'आय हॅव एन्व्हिएबल स्किल्स' लिहिलंत तर व्याकरण शुद्ध, पण वाचणाऱ्याला ती बढाई वाटते. हे विशेषण दुसऱ्याने आपल्याबद्दल वापरायचं असतं.

'एन्व्हिएबल'ला 'अन' जोडून 'अनएन्व्हिएबल' होतं आणि ते फार कामाचं आहे. कुणाच्याही वाट्याला येऊ नये असं काम म्हणजे 'ॲन अनएन्व्हिएबल टास्क'. अपघाताची बातमी घरच्यांना सांगायला पोलीस पाटलाला जावं लागतं, ते असं काम. 'डिफिकल्ट टास्क' म्हटलं तर फक्त अवघडपणा कळतो. 'अनएन्व्हिएबल'मध्ये ते करणाऱ्याबद्दलची कणवही येते.

मानपत्राचं काय करायचं? नुसतं 'ॲन एन्व्हिएबल नेचर' केलं तर अर्थ सुधारतो, पण वाक्य मोघमच राहतं. 'नेचर'ऐवजी गुणाचं नाव घ्या. त्या सरांना एकच गणित चौथ्यांदा समजावतानाही आवाज चढवताना कुणी पाहिलं नव्हतं. मग लिहा: 'ही हॅड एन्व्हिएबल पेशन्स.' आता ते वाक्य त्याच सरांचं झालं.

टप्पा ३: 'ऑफ' आणि फक्त 'ऑफ'

वहिनी 'एन्व्हिअस' हे ठरलं. बाग जोडायची कशी?

'एन्व्हिअस' असो वा 'जेलस', पुढे 'ऑफ' येतं. 'माय नेबर इज एन्व्हिअस ऑफ माय टेरेस गार्डन.' संपलं. पण इथे 'ऑन', 'विथ', 'फ्रॉम', 'टू' असं काहीही लिहिलेलं मी तपासतो, आणि प्रत्येक चुकीमागे एक ओळखीचं वाक्य असतं:

- 'तो माझ्यावर जळतो' डोक्यात असलं की 'जेलस ऑन मी' होतं.
- हिंदी 'मुझसे जलता है' कानात असलं की 'जेलस फ्रॉम मी' किंवा 'जेलस विथ मी' होतं.
- 'तुझं घर बघून हेवा वाटला' यातून 'आय वॉज एन्व्हिअस टू सी युअर हाउस' येतं.

यावर माझा उपाय साधा आहे. 'जळणे' हे क्रियापद बाजूला ठेवा आणि वाक्य 'हेवा' घालून पुन्हा बोला: 'त्याला माझ्या यशाचा हेवा वाटतो.' आता मधे '-चा' आला, आणि '-चा' म्हणजे 'ऑफ'. वर्गात मी मुलांना एवढंच करायला लावतो: 'वर' काढा, 'चा' घाला. ही सवय लागली की 'जेलस ऑन मी' पुन्हा होत नाही.

तिसऱ्या प्रकारचं वाक्य 'व्हेन' घालून फोडा: 'आय वॉज एन्व्हिअस व्हेन आय सॉ युअर हाउस.'

तपासा: 'ऑफ'नंतर नाम किंवा सर्वनाम आलंय ना? 'एन्व्हिअस ऑफ हर', 'एन्व्हिअस ऑफ हर व्हॉइस' दोन्ही ठीक. पण 'एन्व्हिअस ऑफ शी गॉट द जॉब' चूक. अख्खं वाक्य जोडायचं असेल तर 'ऑफ' काढून 'दॅट' घ्या: 'एन्व्हिअस दॅट शी गॉट द जॉब.'

टप्पा ४: विशेषण खरंच हवंय का, ते पाहा

पुष्कळदा क्रियापद जास्त बरं वाटतं. 'आय एन्व्ही यू.' तीन शब्द, प्रिपोझिशनची भानगड नाही. मात्र विशेषणाची सवय क्रियापदात घेऊन आलात तर चुका होतात.

'आय एन्व्ही ऑफ यू' चूक. क्रियापदाला 'ऑफ' लागत नाही, मराठीतला '-चा' इथे गिळला जातो.

'आय ॲम एन्व्ही ऑफ यू' चूक. 'ॲम'नंतर विशेषण हवं, म्हणजे 'एन्व्हिअस'. याचंच भावंडं 'शी इज व्हेरी जेलसी'. 'जेलसी' हे नाम आहे, मत्सर ही भावना. माणसाला 'जेलस' म्हणायचं.

'आय ॲम एन्व्हीइंग यू' हेही टाळा. 'मला हेवा वाटतोय' असं आपण चालू काळात म्हणतो म्हणून हे तोंडात येतं. इंग्रजीत मनाच्या अवस्थेची क्रियापदं सहसा साध्या वर्तमानकाळात ठेवतात.

याच क्रियापदाची एक सुंदर रचना आहे, दोन कर्मांची: 'आय एन्व्ही यू युअर गार्डन.' तुझा हेवा आणि तुझ्या बागेचाही, एका दमात. थोडी लेखी वळणाची आहे, पण शुद्ध आहे.

आणि नकार आला की अर्थ फिरतो, हे पक्कं लक्षात ठेवा. 'आय डोंट एन्व्ही यू' याचं शब्दशः मराठी 'मला तुझा हेवा वाटत नाही' होतं आणि ते ऐकायला रुक्ष, जवळजवळ तुसडं वाटतं. इंग्रजीत मात्र ती सहानुभूती असते: 'तुझ्यावर फार अवघड वेळ आलीय, माझ्यावर नाही आली हे नशीब.' परीक्षेच्या आदल्या रात्री रूममेटने हे म्हटलं म्हणून एक विद्यार्थिनी त्याच्यावर रुसली होती. तो बिचारा धीर देत होता.

नाम वापरायचं असेल तर 'द एन्व्ही ऑफ' ही रचना उपयोगी आहे: 'माय गार्डन इज द एन्व्ही ऑफ द बिल्डिंग.' 'द' विसरू नका, तो गळला की वाक्य लंगडतं.

टप्पा ५: सूर जुळवा

मराठीत 'तुझा हेवा वाटतो गं' हे कौतुक असतं. ऐकणारी हसते. इंग्रजी मेसेजमध्ये नुसतं 'आय ॲम एन्व्हिअस ऑफ यू' पाठवलं, तर चेहरा दिसत नसल्यामुळे ते कोरडं, कधी बोचरंही वाटू शकतं. म्हणून आनंद आधी लिहा, हेवा नंतर, आणि त्याला थोडं सौम्य करा: 'आय ॲम सो हॅपी फॉर यू, अँड अ लिटल एन्व्हिअस!' 'अ लिटल' किंवा 'अ बिट' या दोन शब्दांनी सगळा कडवटपणा जातो.

दुसऱ्या कुणाला 'एन्व्हिअस' म्हणणं मात्र आरोप असतो. ऑफिसच्या ईमेलमध्ये 'ही इज एन्व्हिअस ऑफ माय वर्क' लिहिणं म्हणजे सहकाऱ्याला मत्सरी म्हणणं. तक्रार करायचीच असेल तर त्याने काय केलं ते लिहा. त्याच्या मनात काय आहे ते लिहू नका.

टप्पा ६: स्पेलिंग आणि उच्चार

हे पटकन.

'एन्व्ही'चं शेवटचं अक्षर वाय. 'एन्व्हिअस' होताना वाय जातो आणि आय येतो: ई-एन-व्ही-आय-ओ-यू-एस. 'एन्व्हिएबल'मध्येही तेच. 'जेलस' लिहिताना मधला 'ए' गळतो. बरोबर स्पेलिंग जे-ई-ए-एल-ओ-यू-एस.

उच्चारात जोर पहिल्या अवयवावर: एन्-व्हि-अस. 'एन्व्हायस' नाही, 'एन्व्हायेबल'ही नाही. 'जेलस'मधला ज 'जेवण'मधला, टाळूवरचा. तो 'जरा'मधल्या ज सारखा काढलात तर ऐकणाऱ्याला 'झेलस' ऐकू येतं, आणि तो वेगळाच शब्द आहे, त्याचा अर्थ तळमळीने काम करणारा. मराठीत दोन्ही ज एकाच अक्षराने लिहितो म्हणून ही गफलत होते.

आर्टिकल: 'ॲन एन्व्हिअस', 'ॲन एन्व्हिएबल', पण 'अ जेलस'.

टप्पा ७: उलटा प्रवास, इंग्रजीतून मराठीत

भाषांतर करणाऱ्यांसाठी हा टप्पा. 'ग्रीन विथ एन्व्ही'चं 'हेव्याने हिरवा झाला' करू नका. आपल्याकडे हिरवा रंग त्या भावनेचा नाही. आपल्याकडे जळफळाट होतो, पोटात दुखतं, दुसऱ्याचं चांगलं डोळ्यांत खुपतं, कुणाचं बरं पाहवत नाही. संदर्भाप्रमाणे यांतलं निवडा. 'अ जेलसली गार्डेड सीक्रेट' म्हणजे डोळ्यांत तेल घालून जपलेलं गुपित; तिथे मत्सराचा संबंधच नाही.

'इन्व्हिडिअस' हा शब्द 'एन्व्हिअस'सारखा दिसतो, म्हणून त्याचं 'मत्सरी' करून टाकलेलं मी पाहिलं आहे. त्याचा अर्थ आहे, ज्यामुळे कुणाचं तरी मन दुखावेल किंवा अन्याय झाल्यासारखं वाटेल असं. तीन सारख्याच गुणी मुलांतून शिष्यवृत्तीसाठी एकालाच निवडायचं, ही 'इन्व्हिडिअस' निवड. 'कव्हेटेड'चंही असंच: 'अ कव्हेटेड अवॉर्ड' म्हणजे हावरट पुरस्कार नाही, ज्याची सगळ्यांना आस असते असा पुरस्कार.

सराव: पाच वाक्यं

आधी उत्तरं झाकून स्वतः लिहा. प्रत्येक वाक्यासाठी 'कुणाला, कशाचा, तिसरं कुणी' हे तीन प्रश्न विचारा.

१. तिच्या आवाजाचा मला हेवा वाटतो.
'आय ॲम एन्व्हिअस ऑफ हर व्हॉइस.' किंवा 'आय एन्व्ही हर व्हॉइस.' दुसऱ्यात 'ऑफ' नाही, हे पाहिलंत ना?

२. बाळ घरी आल्यापासून मोठा त्याचा राग राग करतो, आईला सोडत नाही.
'ही इज जेलस ऑफ द बेबी.' तिसरं माणूस आई आहे.

३. इतक्या लहान वयात तिने हेवा वाटावा असं नाव कमावलं.
'शी हॅज अर्न्ड ॲन एन्व्हिएबल रेप्युटेशन ॲट सच अ यंग एज.' मराठी वाक्यातच 'वाटावा असं' आहे, म्हणून इथे चुकायला नको.

४. मंडळाची राहिलेली वर्गणी गोळा करायचं नकोसं काम त्याच्याकडे आलं.
'ही हॅड द अनएन्व्हिएबल टास्क ऑफ कलेक्टिंग द रिमेनिंग कॉन्ट्रिब्युशन्स.'

५. माझ्या बढतीमुळे तो माझ्यावर जळतो.
आधी 'वर' काढा: त्याला माझ्या बढतीचा हेवा वाटतो. मग 'ही इज एन्व्हिअस ऑफ माय प्रमोशन.' बोलताना 'जेलस'ही चालेल. 'ऑन' लिहिलं असेल तर टप्पा ३ पुन्हा वाचा आणि हे वाक्य वहीत नव्याने लिहा.